कोयना भरली, मग आपली विहीर कोरडी का?

ऑगस्ट उजाडला की आमच्या तात्यांचा फोन सकाळी साडेसातला येतो. ख्यालीखुशाली नंतर, आधी पेपरातली धरणांची चौकट वाचून दाखवायची. कोयना इतके टक्के, धोम इतके, मग कण्हेर, उरमोडी, तारळी, वारणा. आवाजात समाधान असं की जणू घरच्याच कणग्या भरत आल्यात. आणि शेवटी ठरलेला प्रश्न, "एवढं पाणी आलंय म्हणतोस, मग आपल्या विहिरीत दोन परससुद्धा का नाही?"

तात्यांची विहीर खानापूर तालुक्यात, विट्याच्या पुढं. मी राहतो कराडला. कोयनेचं पाणी मी पुलावरून रोज बघतो, तात्या ते रोज पेपरात बघतात. त्यांचा प्रश्न मी बरीच वर्षं "अहो, तिकडचा पाऊस वेगळा" म्हणून उडवून लावला. पण प्रश्न खरा आहे, आणि सातारा-सांगलीत तो घरोघरी विचारला जातो. एका जिल्ह्यात पश्चिमेला धरणाचे दरवाजे उघडलेले असतात, पूर्वेला त्याच आठवड्यात टँकरची मागणी असते. ही गंमत समजून घ्यायची तर आधी चौकटीतले आकडे वाचता यायला हवेत.

टीएमसी म्हणजे किती?

टीएमसी म्हणजे एक हजार दशलक्ष घनफूट. हे ऐकून कुणाच्याच डोळ्यापुढं काही येत नाही, म्हणून आपण टँकरमध्ये मोजू. दहा हजार लिटरचा टँकर धरला तर एक टीएमसी म्हणजे सुमारे २८ लाख टँकर. कोयनेची एकूण क्षमता १०५.२५ टीएमसी. पुढचा गुणाकार तुम्हीच करा.

दुसरा शब्द क्युसेक. धरणातून किंवा नदीतून सेकंदाला किती घनफूट पाणी जातंय, त्याचं हे माप. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला साधारण २८ लिटर. टीएमसी ही टाकी, क्युसेक ही तोटी. दोघांचं नातं लक्षात ठेवायला एकच आकडा पुरे: ११,५७४ क्युसेकनं दिवसभर पाणी सोडलं की एक टीएमसी होतं. म्हणजे "कोयनेत ५० हजार क्युसेकची आवक" अशी बातमी आली आणि तो जोर दिवसभर टिकला, तर धरणात सव्वाचार टीएमसीची भर पडली. उलट, धरणाच्या पायथ्याच्या वीजगृहातून २,१०० क्युसेक सोडले, तर एक टीएमसी खाली यायला साडेपाच दिवस लागतात. "पाणी सोडलं" या बातमीवर लगेच खूश का व्हायचं नाही, ते यात आलं.

टक्क्यांत फसू नका

धरण हा काही सरळ भिंतींचा हौद नाही. डोंगरांमधली दरी अडवलेली असते, त्यामुळं आकार कढईसारखा, तळाला अरुंद आणि वर पसरट. तळातलं फूटभर पाणी म्हणजे थोडंसं, काठाजवळचं फूटभर पाणी म्हणजे प्रचंड. कोयनेतच याचं उदाहरण आहे. आधी तिची क्षमता ९८.७८ टीएमसी होती. दरवाजांची उंची पाच फुटांनी वाढवली आणि ती १०५.२५ झाली. फक्त वरच्या पाच फुटांनी साडेसहा टीएमसीच्या जवळपास दिले; तारळीचं अख्खं धरण ५.८५ टीएमसीचं आहे. तेव्हा "पाणीपातळी अर्ध्यावर" आणि "साठा अर्ध्यावर" ही दोन वाक्यं एक नाहीत. पातळी अर्ध्यावर आली तेव्हा साठा अर्ध्याच्या बराच खाली गेलेला असतो.

दुसरी मेख मृत साठ्याची. दरवाजांच्या आणि बोगद्यांच्या तोंडाखाली राहिलेलं पाणी नेहमीच्या वाटेनं बाहेर काढता येत नाही. कढईच्या बुडाला राहिलेलं तेल, पळी पोचत नाही तसं. कोयनेत हे जेमतेम पाच टीएमसी आहे, त्यामुळं एकूण साठा धरा की उपयुक्त साठा, टक्क्यांत फारसा फरक पडत नाही. उजनीत मात्र सुमारे ६३ टीएमसी मृत साठा आहे. म्हणून उजनी "शून्य टक्के" किंवा "उणे वीस टक्के" असते, तेव्हाही तिथं होड्या चालू असतात. सोलापूरकरांना हे पाठ झालंय, आपल्याकडचे लोक अजून चक्रावतात.

मग कोयनेचं पाणी जातं कुठं?

बरंचसं पाणी आपल्याकडं येतच नाही. शिवाजीसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, भरतो तो सह्याद्रीच्या या अंगाला, पण त्यातलं मोठं पाणी डोंगर पोखरलेल्या बोगद्यांतून पलीकडं पोफळीच्या बाजूला पडतं, वीज तयार करतं आणि वाशिष्ठी नदीनं चिपळूणमार्गे अरबी समुद्राला मिळतं. कृष्णा पाणी तंटा लवादानं, म्हणजे न्यायमूर्ती बच्छावत यांच्या लवादानं, पश्चिमेकडं वीजनिर्मितीसाठी वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घालून दिली. हे वर्ष १ जूनला सुरू होतं आणि ३१ मे रोजी संपतं. शंभर टीएमसी उपयुक्त पाण्यातून साडेसदुसष्ट वजा केले की पूर्वेसाठी बत्तीस-तेहतीस उरतात. पावसाळ्यात येत राहणारी भर आणि पुराचं पाणी यांमुळं प्रत्यक्षातलं गणित याहून गुंतागुंतीचं असतं. पण भांडण कशाचं ते कळायला एवढं बस.

२०२३ सारख्या कोरड्या ऑगस्टच्या वर्षी हे भांडण उघड्यावर येतं. धरण भरलेलं नसतं, सांगलीला कृष्णेचं पात्र उघडं पडायला लागतं, सिंचन योजना पाणी मागतात आणि वीज खातं आपला कोटा दाखवतं.

इथं माझ्याकडं हमखास येणारा आक्षेप असा, की "समुद्रात जाणारं पाणी बंद करा आणि सगळं इकडं वळवा." ऐकायला रास्त वाटतं. पण पश्चिमेला ते पाणी सुमारे पावणेपाचशे मीटर खाली कोसळतं, आणि आपल्या बाजूला धरणाची उंचीच १०३ मीटर. त्याच पाण्यातून इकडं फार तर पाचवा हिस्सा वीज मिळेल. आणि गंमत म्हणजे पूर्वेला आलेलं पाणी नदीतून वर माळावर चढवायचं तर पुन्हा वीजच लागते. हजार लिटर पाणी शंभर मीटर उचलायला, पंपातली तूट धरून, ०.४ युनिटच्या आसपास. हे मी कुणाची बाजू घेऊन सांगत नाही. टंचाईच्या वर्षी विजेचा कोटा कमी करणं योग्यच, असं माझं मत आहे. पण सगळं पाणी वळवलं की प्रश्न मिटला, असं म्हणणाऱ्यानं उपसा योजनेचं वीजबिल एकदा हातात घेऊन बघावं.

आता मूळ प्रश्न: विहीर

धरणाच्या चौकटीचा आणि तात्यांच्या विहिरीचा संबंध किती? थेट जवळपास काहीच नाही. दोघांची खाती वेगवेगळ्या बँकेत आहेत.

कोयनेच्या खात्यात पैसे भरतो तो कोयनानगर, नवजा, महाबळेश्वरचा पाऊस, वर्षाला पाच हजार मिलिमीटर आणि वर. माण, खटाव, खानापूर, आटपाडी, जत यांच्या खात्यात भरणा होतो तो पाचशेच्या आसपास किंवा त्याहून कमी. ढग सह्याद्रीच्या माथ्यावर हात मोकळे करतात आणि पूर्वेला रिकामे येतात. कोयनेचं पाणी कराडला प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळतं, मग नदीच्या काठाकाठानं वाळवा, पलूस, मिरज करत पुढं जातं. काठावरच्या विहिरींना त्याचा पाझर पोचतो. माळावरच्या विहिरीला पोचत नाही, कारण पाणी आपणहून चढण चढत नाही. खानापूरचं पठार नदीपेक्षा कितीतरी उंच आहे.

माळावरच्या विहिरीचं पाणी म्हणजे त्या शिवारात, त्या ओढ्याच्या पाणलोटात पडलेल्या पावसातलं जे मुरलं तेवढंच. पाणलोट म्हणजे ज्या उतारावरचं सगळं पाणी एकाच ओढ्याला येतं तेवढा टापू. "जमिनीखाली झरा आहे, तो थेट महाबळेश्वरातून येतो" असं सांगणारा म्हातारा प्रत्येक गावात एक तरी असतो. आमच्या गावात दोन होते.

खाली नदी नाही, भिंत आहे

लोकांच्या मनात भूजल म्हणजे जमिनीखालचं तळं किंवा नदी असते. वाळूच्या प्रदेशात, गंगेच्या खोऱ्यात वगैरे, हे चित्र थोडंफार जुळतं. तिथं वाळूनं भरलेल्या हौदात पाणी मुरावं तसं ते कणाकणांत असतं. आपल्याकडं मात्र लाव्हाचे थर थंड होऊन झालेला काळा पाषाण आहे. जुन्या वाड्याची दगडी भिंत डोळ्यापुढं आणा. चुना निघून गेलेल्या फटींत पाणी शिरतं, दगडात शिरत नाही. आपलं भूजल म्हणजे त्या फटींतलं पाणी.

विहीर खणणाऱ्यांना हे कुठल्याही पुस्तकाआधी माहीत होतं. वर माती, मग मुरूम, मग कुजट दगड, मग भेगांचा किंवा मांजऱ्या दगड, आणि खाली घट्ट काळा कातळ. पाणी राहतं ते मुरमात आणि भेगाळ थरात, बहुतेक ठिकाणी वरच्या दहा-वीस मीटरमध्ये. दोन लाव्हाथरांच्या मध्ये कधी तांबडा गेरूसारखा थर लागतो, त्याच्या आसपास नशिबानं पाणी मिळतं.

किती पाणी मावतं? शंभर घनमीटर भेगाळ दगडातून हाती लागणारं पाणी दोन घनमीटरच्या आसपास, म्हणजे दोन टक्के. कुठं एक, कुठं तीन. आपण दोनच धरू आणि पुढचा हिशेब मांडू. मला स्वतःला हा हिशेब पहिल्यांदा कागदावर उतरला तेव्हा झोप लागली नव्हती.

एक एकर उसाचा ताळेबंद

एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर. त्या एका एकराखाली पाण्याची पातळी एक मीटर उतरली, तर किती पाणी निघालं? ४,०४७ गुणिले दोन टक्के, म्हणजे ८१ घनमीटर. ८१ हजार लिटर. आठ टँकर.

आता त्याच एकरात ऊस आहे आणि पाटानं मोकळं पाणी दिलं जातं असं धरा. वर्षभरात उसाला साधारण दोन मीटर उंचीचं पाणी लागतं. ४,०४७ गुणिले दोन, म्हणजे सुमारे आठ हजार घनमीटर. ८० लाख लिटर. आठशे टँकर.

आठ टँकरला एक मीटर, तर आठशे टँकरला शंभर मीटर. आणि पाणी धरणारा थर आहे जेमतेम दहा-वीस मीटरचा. म्हणजे माझ्या एकराखालचं माझं पाणी उसाला अडीच महिनेही पुरणार नाही. तरी ऊस उभा राहतो तो कसा? शेजाऱ्याच्या शिवाराखालून ओढलेल्या पाण्यावर.

बरं, पाऊस भरपाई किती करतो? ५०० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातला ढोबळ दहा टक्के मुरला, तर एका एकरात ५० मिलिमीटर, म्हणजे दोन लाख लिटर. वीस टँकर. आठशे भागिले वीस, चाळीस. एक एकर ऊस चाळीस एकरांवर मुरलेला पाऊस पितो. दिलेल्या पाण्यातलं काही परत मुरतं, त्यामुळं चाळीसचे तीस-पस्तीस करा हवं तर. चित्र बदलत नाही.

आता पिण्याच्या पाण्याचं बघा. माणशी दिवसाला ५५ लिटर हा ग्रामीण नळयोजनेचा निकष. दोन हजार वस्तीच्या गावाला वर्षभर लागतात चार कोटी लिटर, म्हणजे चार हजार टँकर. म्हणजे पाच एकर उसाचं पाणी. गावात पाच एकर ऊस विहिरीवर उभा असेल आणि वेशीत टँकरपुढं हंड्यांची रांग असेल, तर तिथं पाण्याचा दुष्काळ आहे असं मी म्हणणार नाही. वाटणीचा आहे.

उसावर राग नाही माझा. साखर कारखान्यांनी या भागात शाळा काढल्या, रस्ते केले, आणि हमीचा दर मिळणारं दुसरं पीक शेतकऱ्याला आजही कुणी दाखवलेलं नाही. डाळिंबाचा बाग एका तेल्या रोगात बसतो; ऊस निदान उभा राहतो. माणूस ऊस का लावतो हे मला पूर्ण कळतं. गणित मात्र माझ्या कळण्यानं बदलत नाही.

"बोअर अजून खाली नेला तर?"

हा दुसरा हमखास प्रश्न. दोनशे फुटांवर आटला तर चारशे, चारशेला नाही तर सहाशे. पाणाडी हातात नारळ घेऊन रानातून फिरतो, नारळ उभा राहतो, रात्री बोअरची गाडी येते, आणि पहाटे धुरळा उडतो किंवा फवारा उडतो. फवारा उडाला की पाणाडी देवमाणूस, धुरळा उडाला की आपलं नशीब.

खोल गेल्यावर पाणी लागत नाही असं नाही. पण ते अरुंद फटींतलं, फार वर्षांपूर्वी मुरलेलं असतं. वरच्या थरातलं पाणी म्हणजे महिन्याचा पगार, खालचं म्हणजे आजोबांची ठेव. ठेव मोडता येते, पण एका पावसाळ्यात ती पुन्हा भरत नाही. दुसरं असं, की खोल बोअर अनेकदा वरचा थर आणि खालचा थर यांना भोक पाडून जोडतो. वरचं पाणी खाली निसटतं आणि शेजारची साठ फुटी विहीर, जिनं बहात्तरचा दुष्काळ काढला, ती माघात तळ दाखवते. एका शहाळ्यात चार नळ्या घातल्या तर शहाळ्यातलं पाणी चौपट होत नाही. लांब नळीवाला शेवटपर्यंत पीत राहतो, एवढंच.

कायद्याला हे माहीत आहे. महाराष्ट्र भूजल (विकास व व्यवस्थापन) अधिनियम २००९ चा, अंमलात आला २०१४ मध्ये. त्यात ६० मीटर किंवा त्याहून खोल विहिरीला खोल विहीर म्हटलंय आणि शेती-उद्योगासाठी अशा विहिरींवर बंधन घातलंय. ६० मीटर म्हणजे दोनशे फुटांच्या आतच. आता तुमच्या आळीतले बोअर आठवा. बोअरची गाडी रात्रीच का येते, तेही.

"बंधारे बांधले, चर खणले, तरी टँकर कसा?"

हा प्रश्न मात्र गंभीर आहे, कारण तो घाम गाळलेल्या माणसांचा आहे. समतल चर, नालाबांध, ओढा खोलीकरण, साखळी बंधारे या सगळ्यांनी पाणी मुरतं यात शंका नाही. कोरेगाव, माण, खटावच्या अनेक गावांनी श्रमदानानं उभ्या केलेल्या कामांनी विहिरी दोन-तीन महिने जास्त टिकल्या. मी त्या पाहिल्या आहेत.

पण बंधारा पाऊस पाडत नाही. वाहून जाणाऱ्या पाण्यातलं थोडं तो अडवतो आणि दहा टक्क्यांचे पंधरा करतो, वीसही करेल. खात्यात भरणा वाढला. मग काय होतं? विहिरीला पाणी वाढलेलं दिसतं, दोघे जण ज्वारी मोडून ऊस लावतात, तिसरा नवा बोअर मारतो, आणि फेब्रुवारीत खातं होतं तिथंच. २०२० मध्ये महालेखापरीक्षकांनी जलयुक्त शिवार योजनेवर दिलेला अहवाल हेच बोट दाखवून गेला: खर्च झाला, कामं झाली, भूजल पातळी वाढवण्यात फारसं यश आलं नाही. ठिबकचंही असंच. ठिबकनं एकरी पाणी चाळीस-पन्नास टक्के वाचू शकतं, हे खरं. वाचलेल्या पाण्यावर शेतकरी दुसरा एकर लावतो, हेही खरं.

भरणा वाढवणं सोपं, त्याचे फोटो निघतात. काढण्यावर लगाम घालणं अवघड, त्यात भावकी येते. ज्यांनी हा अवघड भाग आधी केला त्यांचं उदाहरण आमच्याच तालुक्यात आहे. येरळा नदीवर बलवडीजवळ लोकांनी उभं केलेलं बळीराजा स्मृती धरण. नदीतली वाळू ठेकेदार उपसून नेत होते. गावांनी तीच वाळू विकून धरणाला पैसा उभा केला. पण मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो वाटपाचा विचार: पाणी कुटुंबामागं, जमीन नसलेल्यालाही त्यात हक्क, आणि उसाला नाही. पुढं नागनाथअण्णा नायकवडी आणि भारत पाटणकर यांच्यासारख्यांच्या पुढाकारानं दुष्काळी तालुक्यांत पाण्याची चळवळ उभी राहिली, आटपाडीला पाणी परिषदा भरल्या, तेव्हा "समन्यायी पाणीवाटप" हा शब्द याच अनुभवातून लोकांच्या तोंडी बसला.

"टेंभू-म्हैसाळचं पाणी आलं, आता कसली चिंता?"

कराडच्या खाली टेंभूजवळ कृष्णेचं पाणी अडवून टप्प्याटप्प्यानं उचललं जातं आणि कडेगाव, खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, पार सांगोल्यापर्यंत जातं. ताकारी आणि म्हैसाळ या टेंभू उपसा योजनेच्याच बहिणी. साताऱ्यात माण-खटावसाठी जिहे-कठापूर. ज्या आटपाडीतून माणसं गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळण्याच्या, धंद्याला देशभर पांगली, तिथल्या तलावात कृष्णेचं पाणी पडलं तेव्हा लोकांनी त्याची पूजा केली. त्यात काही चुकीचं नव्हतं.

या पाण्यानं आमच्या तात्यांच्या प्रश्नाचं उत्तरही बदललं. आता कोयनेचं खातं आणि माळावरच्या विहिरीचं खातं यांच्यात एक वाट उघडली आहे. आवर्तन, म्हणजे ठरल्या पाळीचं पाणी, सुटलं, तलाव भरला, ओढा वाहिला की काठच्या विहिरी आठवड्याभरात उचल खातात. पण ही वाट पावसानं चालत नाही, पंपानं चालते. वीजबिलाचं सूत्र ८१:१९. ८१ टक्के सरकार भरतं, १९ टक्के लाभधारक शेतकरी. पाणीपट्टी थकली की आवर्तन लांबतं. त्यातून नवी कटकट उभी राहते. पाटावरून घेतलेल्या पाण्याची पट्टी कळते, पण ओढ्यातून झिरपून माझ्या विहिरीत आलेल्या पाण्याची पट्टी कुणी कुणाकडं मागायची? त्यावर चावडीत होणारी भांडणं मी ऐकली आहेत. दोन्ही बाजू बरोबर वाटतात.

आणि पाणी आल्यावर माळावर काय लावलं गेलं, ते विट्याहून आटपाडीला जाताना खिडकीतून दिसतं.

जास्त पाण्याचं पुढचं पान बघायचं असेल तर नदीकाठी यावं. वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांत उत्तम काळी जमीन क्षारपड होऊन पडली आहे. पाणी कमी पडलं म्हणून नव्हे, जास्त झालं म्हणून. वर्षानुवर्षं मोकळं पाणी दिल्यानं जमिनीखालची पातळी वर आली. काळ्या मातीचा निचरा मुळातच मंद. मग दिव्याची वात तेल ओढते तशी माती खालचं पाणी ओढते; ऊन पाणी उडवून नेतं आणि मीठ वरती ठेवतं. पांढरी फटक जमीन, त्यात कुसळही नाही. ती सुधारायची तर जमिनीखाली भोकांचे पाईप घालून निचरा करावा लागतो आणि खर्च लहान शेतकऱ्याला झेपणारा नसतो. म्हणजे एकाच जिल्ह्यात पूर्वेला पाणी खाली गेलं म्हणून रान पडलंय आणि पश्चिमेला पाणी वर आलं म्हणून.

"धरण जुलैतच काठोकाठ भरून का ठेवत नाहीत?"

थोडक्यात सांगतो, कारण २०१९ आठवणाऱ्या सांगलीकराला याचं उत्तर कुणी समजावायला नको. त्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाशी पाणी ५७.५ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५. धरण आधीच भरलेलं असलं तर वरून येणारा लोंढा अडवायला जागाच उरत नाही. म्हणून कुठल्या तारखेला किती भरायचं याचं वेळापत्रक असतं. लवकर भरलं तर पुराची भीती, रिकामं ठेवलं आणि पाऊस दगा देऊन गेला तर २०२३. धरणावर बसलेला अधिकारी दोन्हींकडून शिव्या खातो. कधीकधी त्या योग्यही असतात.

मग चौकटीत काय असायला हवं?

माझी तक्रार पेपराच्या चौकटीवरच आहे. रोज धरणांचे टक्के छापून येतात, शिवाराखालच्या पाण्याचं काहीच छापून येत नाही. खरं तर ते मोजलं जातं. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा ठरावीक निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा, ऑक्टोबर, जानेवारी, मार्च आणि मे महिन्यात घेते आणि मागच्या पाच वर्षांच्या सरासरीशी ताडून बघते. कुठल्या गावाला कधी टंचाई येणार याचा अंदाज त्यावरून बांधतात. ऑक्टोबरचा आकडा सगळ्यात मोलाचा. पावसाळा संपलेला असतो, खात्यात किती जमा झालं ते कळलेलं असतं आणि रब्बी अजून लावायची असते. म्हणजे अजून काही ठरवता येतं. मार्चमध्ये कळून काय करायचं? टँकरचा अर्ज.

पण निरीक्षण विहीर प्रत्येक शिवारात नसते. त्यासाठी गावाला लागतं ते एक पर्जन्यमापक, पाच-सहा विहिरी आणि फूट-फुटावर गाठी मारलेला दोर. ऑक्टोबरात ग्रामसभेत पाऊस किती पडला, विहिरी किती भरल्या, आधी माणसं आणि जनावरांचं पाणी बाजूला काढून किती उरलं आणि त्यात कुठलं पीक बसतं, एवढा ताळेबंद मांडायचा. नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर, जिल्ह्यातल्या हिवरे बाजारनं हे वर्षानुवर्षं केलं. तिथला पाऊस आपल्या माळापेक्षा काही फार जास्त नाही.

तात्यांना हे मी मागच्या दिवाळीत सांगितलं. म्हणाले, "दोर आहे घरात." तेव्हापासून दर अमावास्येला ते विहिरीत दोर सोडतात आणि भिंतीवरच्या दिनदर्शिकेत आकडा लिहितात. फोन अजून साडेसातलाच येतो. कोयना, धोम, कण्हेर, उरमोडी, तारळी, वारणा, आणि शेवटी "आपली, सोळा फूट".

परवा मात्र ते मध्येच थांबले. "वरच्या अंगाच्या रानात काल रात्री गाडी लागली होती. साडेचारशे फूट गेला. पाणी लागलंय त्याला." मग थोडा वेळ दोघंही गप्प. आणि तात्या म्हणाले, "ते कुठल्या रकान्यात लिहू?"